तीन नंबर खाली राहतो

माझ्या थोरल्या भावाला त्याच्या लेकीने दोन महिन्यांत त्रेचाळीस वेळा मरायला सोडून दिलं. आकडा दादाने स्वतः सांगितलाय, आणि सांगताना त्याचा चेहरा असा की पोरीने कुठलंसं बक्षीसच मिळवलंय. घाबरू नका, हे सगळं मोबाइलवरच्या खेळात. पण ती जशी मन लावून त्याला सोडायची, ते मला बघवायचं नाही. कारण तिचा राग खरा होता, आणि खरं तर तो माझ्या वाटणीचा होता.

दादा लिफ्टचा मेकॅनिक आहे. एकतीस वर्षं लोकांना वरखाली करतोय आणि स्वतः राहतो तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नसलेल्या इमारतीत. कोणी चिडवलं की म्हणतो, "बरंय की! घरी आल्यावर तरी कोणी अडकत नाही." शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी स्क्रू ड्रायव्हर असतो. माणसाकडे नुसतं बघून वजन सांगायची त्याला वाईट खोड आहे. लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात त्याने वहिनीला तिचं वजन सांगितलं, अर्ध्या किलोचाही फरक नव्हता, आणि पुढचे दोन दिवस त्या घरात भांडी जरा जास्तच वाजली.

कामावर त्याचा एकच हट्ट. लिफ्टमध्ये माणूस अडकला असेल तर आधी त्याच्याशी बोलायचं, हत्यारं मग. काही सामान लागलं तर आणायला जोडीदाराला पिटाळतो, स्वतः दारापासून हलत नाही. फटीला तोंड लावून आतल्याला विचारतो, आज काय काय करायचं ठरलं होतं, कुठे निघाला होतात. एकदा एक नवराबायको चार आणि पाच मजल्यांच्या मध्ये अडकले, तेही कडाक्याचं भांडत असताना. दादाने वीस मिनिटांत लिफ्ट जागेवर आणून दार उघडलं, तर आतून बाई म्हणाल्या, "दोनच मिनिटं थांबा हो, माझा मुद्दा राहिलाय." दादा थांबला. त्याने दार अर्धं लोटून घेतलं आणि जिन्यावर बसून डबा खाल्ला.

असा हा माणूस. आणि याच्याच घरात, याच्याच लेकीचं दार सात महिने बंद होतं.

त्याचं झालं असं. माझी भाची फार्मसीच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होती. एका शनिवारी ती माझ्या दुकानात आली. केस कापायचं छोटं दुकान आहे माझं, दोन खुर्च्या, तीन आरसे आणि एक कायम गळणारा नळ. लहानपणापासून ती दर शनिवारी यायची, फिरत्या खुर्चीत गोल गोल फिरत आठवड्याचं सगळं सांगायची. त्या दिवशी नळ बघायला दादाही आला होता. ती आम्हा दोघांना म्हणाली, "मी कॉलेज सोडलंय. आवाज रेकॉर्ड करायचं शिकतेय. एक महिना आईला कळू देऊ नका. परीक्षा दिली, कागद हातात आला, की मीच सांगते." दादाने तिच्या डोक्यावर हात ठेवून शब्द दिला. मी तर गळ्याची शपथ घेतली.

अकरा दिवस टिकले मी. माझ्या मानाने हा विक्रमच. माझं असं आहे की हात चालायला लागले की तोंडही चालतं. कात्रीबरोबर ते आपोआप सुरू होतं. बाराव्या दिवशी वहिनी केस कापायला बसली, सहज म्हणाली, "पोरगी हल्ली फार खुशीत असते हो, कॉलेज मानवलंय तिला," आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "कॉलेज कुठलं, ते तर तिने..." पुढचं वाक्य मी गिळलं, पण उशीर झाला होता. वहिनीने खुर्चीतच गर्रकन मान फिरवली, कात्री चालूच होती, आणि तिच्या केसांची डावी बाजू उजवीपेक्षा दोन बोटं आखूड झाली.

संध्याकाळी त्यांच्या घरी बॉम्ब फुटला. वहिनी पोस्टात खिडकीवर बसते, तिचा आवाज रांगेच्या शेवटच्या माणसापर्यंत जातो. मी मागोमाग धावत गेले होते, काहीतरी सावरावं म्हणून, आणि दारातच थिजले. भाचीने आईचं सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला.

"तुला कोणी सांगितलं?"

दादा नुकताच कामावरून आला होता, पिशवी अजून खांद्यावर. त्याने एकदा वहिनीच्या केसांकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. पिशवी खाली ठेवली आणि म्हणाला, "मी."

भाची त्याच्याकडे बघतच राहिली. "बाबा, तू?" एवढंच. मग खोलीत गेली आणि दार लावून घेतलं.

वहिनीचा राग पाचव्या दिवशी उतरला. लेकीने आपल्या जुन्या मिक्सरचा आवाज रेकॉर्ड करून त्याचं विमान केलेलं ऐकलं आणि ती बाई विरघळली, शेजारणींना बोलावून ऐकवायला लागली. मायलेकींचं जमलं. पण बापाशी अबोला तो अबोलाच. भाची मला दुकानात सांगायची, "आई चिडणार हे मला माहीतच होतं, आत्या. पण त्याने शब्द दिला होता. तू बघ, तू कशी गप्प राहिलीस!" आणि मी तिचे केस विंचरत राहायची. आरशात स्वतःकडे बघायची हिंमत होत नव्हती.

मी दादाला जिन्यात गाठलं होतं. "कशाला असं केलंस?" म्हटलं. तो म्हणाला, "मनातलं बोलायला तुझ्या दुकानात येते ती. तेवढी जागा राहू दे तिला. माझं काय, मी घरातच आहे." मी तिथेच रडले. तेव्हाच वर जाऊन सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. मला मूलबाळ नाही. शनिवारची ती फिरती खुर्ची रिकामी राहिली असती तर मी काय केलं असतं, हा विचारच सोसवेना. उद्या सांगू, परवा सांगू करत सात महिने काढले. वहिनीचं तोंड दादाने बंद केलं होतं, पण माझ्याकडे बघताना ती डोळ्यांनी रोज तेच म्हणायची. एकदा तोंडानेही म्हणाली, "तुम्हा भावाबहिणीच्या प्रेमापायी माझ्या घरात दोन माणसं मुकी झालीत."

दादा मुका नव्हता म्हणा. रोज संध्याकाळी तो लेकीच्या दाराबाहेर स्टूल टाकून काहीतरी खुडबुड करत बसायचा आणि बंद दाराशी बोलायचा. आज अमुक इमारतीत केबल बदलली, आज एका आजोबांनी लिफ्टमध्ये गाणं म्हटलं. उत्तर कधीच आलं नाही. मी म्हटलं, कशाला भिंतीशी बोलतोस? तर म्हणे, "आतल्या माणसाला कळलं पाहिजे की बाहेर कोणीतरी आहे."

मग भाचीला नोकरी लागली, दुसऱ्या शहरात, खेळांसाठी आवाज तयार करणाऱ्या स्टुडिओत. दोन महिन्यांनी एका रविवारी दुपारी निघायचं ठरलं. आणि त्याच सुमाराला दादा आणि मी त्या मोबाइलच्या खेळात शिरलो.

भाची आणि वहिनी तो आधीपासून खेळायच्या, संध्याकाळी सात ते आठ. भाचीच्या दोन मैत्रिणी परीक्षेला बसल्या आणि खेळाला लागणाऱ्या चौघांतले दोघं कमी पडले. एक मी भरती झाले. दुसऱ्यासाठी वहिनीने दादाचं नाव काढलं. भाची म्हणाली, "येऊ दे. पण खेळात खेळापुरतंच बोलायचं." दादाला एवढंच पुरे होतं. तो दुसऱ्याच दिवशी हेडफोन घेऊन आला.

खेळ असा. चौघांनी एका खोल खाणीत उतरायचं. अंगावर बंदूक, पाठीला पिशवी. खाली खाटेएवढे खेकडे. सगळ्यांनी मिळून त्यांना गोळ्या घालायच्या, एकमेकांना सांभाळायचं, पिशव्या खनिजाने भरायच्या आणि शेवटच्या लिफ्टने वर यायचं. मेलात की सगळं गेलं, पुन्हा पहिल्यापासून, आणि दर वेळी खाणीचे रस्ते वेगळेच. तासभर जिवाला जीव देऊन आलेल्या चौघांना शेवटी कळतं की लिफ्ट तिघांनाच घेते. चौथा चढला की भोंगा वाजतो आणि लिफ्ट हलत नाही. मग ज्याला जमेल त्याने दुसऱ्याला ढकलायचं, पायात गोळी घालायची, गोड बोलून मागे पाठवायचं. माझी वहिनी, जी पोस्टात म्हाताऱ्यांचे फॉर्म स्वतः भरून देते, ती या खेळात इतकी निर्दय निघाली की मी हात टेकले. एकदा मला म्हणाली, "वन्सं, तिकडे खडा चमकतोय बघा," आणि मी वळले तेवढ्यात दार बंद.

खेळात नावं नव्हती, आकडे होते. भाची एक नंबर, वहिनी दोन, दादा तीन, मी चार. मला ती तरीही आत्याच म्हणायची आणि वहिनीला आई. बाबा मात्र म्हणायची नाही. "तीन नंबर, उजवीकडे." "तीन नंबर, मागे."

पहिल्या दिवशी खेकडे चहूबाजूंनी आले, आम्ही तिघी जीव खाऊन गोळ्या झाडतोय, आणि तीन नंबर लिफ्टच्या दारापाशी वाकून काहीतरी शोधतोय. "मेन स्विच कुठेय हिचा?" त्याने विचारलं. "आधी मेन बंद करायचा, मग दाराला हात लावायचा." तो वाक्य पुरं करेपर्यंत खेकड्याने त्याला पुरा केला. हेडफोनमध्ये एक बारीक आवाज आला. भाचीला हसू फुटलं होतं, आणि तिने ते खोकल्यात दडवलं. दादाने मात्र ते ऐकलं. त्या रात्री दोन वाट्या भात जास्त जेवला.

त्यानंतर रोज तेच. दादा हळूहळू बरा खेळायला लागला, आम्हाला वाचवायला मध्ये पडायचा, शेवटच्या गोळ्या लेकीला द्यायचा. आणि लिफ्टशी आलो की भाची शांतपणे म्हणायची, "तीन नंबर खाली राहतो." तो राहायचा. कधी भांडला नाही, कधी कोणाला ढकललं नाही. "जा तुम्ही, मी दार बघतो," म्हणायचा. दार मिटताना त्याचा तो बुटका, हेल्मेट घातलेला माणूस आमच्याकडे बघून हात हलवायचा. मला रोज वाटायचं, आत्ता सांगावं. रोज मी वर यायची आणि गप्प बसायची.

निघायच्या आदल्या दिवशी, शनिवारी, खेळ संपल्यावर दादा स्वयंपाकघरात आला. वहिनी बटाटे सोलत होती, मी ओट्याशी उभी, भाची पाणी प्यायला आलेली. तो कोणाकडेच न बघता म्हणाला, "लिफ्टला माणसं मोजता येत नाहीत."

"म्हणजे?" वहिनी म्हणाली.

"वजन कळतं तिला. तुम्ही गेलात की खेकडे यायला अर्धा मिनिट असतो. त्रेचाळीस वेळा तिथे मेलोय. आज बॅटरी मारून दाराशेजारची धूळ बसलेली पाटी वाचली. दोनशे चाळीस किलो लिहिलंय. आपली माणसं साठ-साठची आहेत. बंदूक दहा, पिशवी दहा. तिघं भरलेले गेले तर दोनशे चाळीस." तो थांबला. "चौघं रिकामे गेले तरी दोनशे चाळीसच."

बटाट्याचं साल वहिनीच्या हातातच राहिलं. भाची ग्लास धरून उभी. आम्ही सगळे त्या लिफ्टशी इतके दिवस एकमेकांच्या उरावर बसलो होतो, आणि पाटी वाचायला कोणाला फुरसत झाली नव्हती. जो मागे राहतो त्यालाच ती झाली.

"पण मग वर काय न्यायचं?" भाचीने विचारलं. भिंतीला विचारावं तसं, पण विचारलं. "सगळं टाकलं तर मिळवलं काय?"

"चौघं," दादा म्हणाला.

ती खोलीत गेली. दारातून म्हणाली, "उद्या सकाळी दहाला. शेवटचा डाव."

रविवारी सकाळी तिची बॅग दाराशी भरून ठेवलेली होती. दुपारी दोनची बस. ती आपल्या खोलीत, वहिनी सोफ्यावर, मी जेवणाच्या टेबलाशी, आणि दादा नेहमीप्रमाणे दाराबाहेर जिन्याच्या पायरीवर, कारण त्याच्या फोनला तिथेच रेंज येते. मी ठरवलं होतं की ती निघण्याआधी सांगायचंच.

डाव चांगला झाला. कोणी मेलं नाही. आणि वाटेत मला लाल खडा सापडला. हा खडा म्हणजे, वर नेला तर पुढच्या डावाला सुरुवातीपासूनच मोठी बंदूक मिळते. दोन महिन्यांत मला एकही मिळाला नव्हता. मी तो बुटाच्या कप्प्यात टाकला. एवढासा तर आहे, कोणाला कळतंय, म्हटलं. खोड जाते का अशी!

लिफ्टशी आलो. भाची म्हणाली, "टाका सगळं." धडाधड चार बंदुका पडल्या, चार पिशव्या पडल्या. मागे खेकड्यांची खडखड ऐकू यायला लागली. आम्ही तिघी चढलो, दादा चढला. आणि भोंगा वाजला.

"कोणाकडे आहे?" भाची ओरडली. "कोणी लपवलंय?"

"माझ्याकडे काही नाही," वहिनी म्हणाली, "आज शपथेवर नाही!"

मी माझ्या बुटाचं नावही काढलं नाही. खेकडे जवळ आले. आणि दादाने, जसा तो नेहमी उतरतो तसा, एक पाऊल मागे घेतलं आणि खाली उतरला. भोंगा बंद झाला.

"बघितलंस, आत्या?" भाची म्हणाली. तिचा आवाज फुटला होता. "परत. परत यानेच केलं."

"हो," दादा म्हणाला. "जा तुम्ही. मी दार बघतो."

दार मिटायला लागलं. हातात काही नसलेला तो बुटका माणूस हात हलवत होता, आणि मला खांद्यावर पिशवी घेऊन "मी" म्हणणारा माझा भाऊ दिसला. एकतीस वर्षं वजनं ओळखणाऱ्याला खडा कोणाच्या बुटात आहे हे कळलं नसेल होय? मी दाराच्या बटणावर अंगठा असा दाबला की नख पांढरं पडलं. खडा काढून बाहेर फेकला.

"माझ्याकडे होता," मी म्हटलं. "आणि कॉलेजचंही मीच सांगितलं होतं. वहिनीचे केस कापताना. दादाने कधीच कोणाला काही सांगितलं नाही. मी सात महिने खोटी वागले, बाळा. चढ रे दादा, चढ लवकर!"

तो चढला. भोंगा वाजला नाही. दार मिटलं आणि लिफ्ट निघाली, चौघांना घेऊन. वर जाताना एक धून वाजते, ती आम्ही कोणी कधी ऐकलीच नव्हती. एखाद्याने शीळ घालावी तशी, साधीच. चौघंही ती ऐकत होतो.

मग हेडफोनमध्ये भाचीचा आवाज आला, अगदी हळू. "आईचे केस!" ती म्हणाली. "डावीकडून आखूड होते. मी विचारलंही होतं."

तिच्या खोलीचं दार उघडलं. ती माझ्यासमोरून गेली, माझ्याकडे न बघता, आणि बाहेर जिन्यात जाऊन दादाच्या पायरीवर बसली. वहिनीने सोफ्यावरून मान लांब केली. मीही केली, लाज सोडून.

"बाबा," ती म्हणाली. सात महिन्यांनी. "त्रेचाळीस वेळा मारलं मी तुला."

"बेचाळीस," दादा म्हणाला. "पहिल्यांदा मेन स्विच शोधताना मीच मेलो." मग त्याचा चष्मा ओला झाला आणि तो शर्टाने पुसायला लागला. खिशातला स्क्रू ड्रायव्हर घरंगळत दोन पायऱ्या खाली गेला, आणि तो आणायच्या निमित्ताने दोघं उठली ती बसची वेळ होईपर्यंत परत वर आलीच नाहीत. खालून दोघांच्याही बोलण्याचा आवाज येत होता. सात महिन्यांचं साठलेलं होतं.

निघताना ती मला फक्त एवढंच म्हणाली, "तुझ्याशी नंतर बोलते." माझे शनिवार गेले, फोनवरचेसुद्धा. हे व्हायचंच होतं, आणि ते मी रडून सोसलं. फिरत्या खुर्चीवर आठ दिवस मी कोणाला बसू दिलं नाही.

नवव्या दिवशी फोनवर निरोप आला. "चार नंबर, सात वाजता."

आता ती तिकडून खेळते, आम्ही इकडून. दादा बाबा झालाय. आत्या म्हणणं मात्र बंद, मी नुसती चार नंबर. चौघं रिकामे वर येऊ शकतात हे आता सगळ्यांना माहीत आहे, तरी लिफ्टशी आलो की ती शांतपणे म्हणते, "चार नंबर खाली राहतो." दादा माझ्यासाठी उतरायला बघतो, आणि मी त्याला ओरडते, "चढ वर, ही पाळी माझी आहे!" मी खाली उभी राहते, हात हलवते. सतरा वेळा मेले. मोजतेय मीही.

काल अठरावी वेळ होती. लिफ्ट अजून लांब होती, अंधार होता, वहिनीच्या गोळ्या संपलेल्या. मी एका कोपऱ्यात खडे वेचत होते, आणि हेडफोनमध्ये एकदम किंकाळी आली, "आत्या, मागे बघ!"

वहिनीने घसा खाकरला. मी मागे बघायचं सोडून फोनकडेच बघत राहिले, आणि खेकड्याने मला तिथल्या तिथे खलास केलं. इतक्या आनंदाने मी याआधी कधी मेले नव्हते.